उत्तरेला वळा

कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं, असं आमचं नकाशाचं ॲप. सुट्टीत विद्यार्थ्यांना देण्यासाठी त्यातली कामं मी गोळा करत होते. मार्गदर्शक नसेल तर काम बाद, हा नियम. केनांगा या विद्यार्थिनीला एकच काम हवं होतं: ॲपने 'डावीकडे वळा' न म्हणता आमच्या जोगजा शहरात सगळे सांगतात तसं 'उत्तरेला वळा' म्हणावं. अर्जासोबत छोटासा नमुना मागितला होता. पोरीने अख्खं काम करून पाठवलं, आणि ते ॲपमध्ये चालूही झालं.

मी फोन लावला. "अगं, चवीला चमचाभर मागितलं, तू पातेलंच रिकामं केलंस! आता निवडू कशासाठी तुला?"

"म्हणजे मी बाद, ताई?" तिचा आवाज रडवेला झाला.

"विद्यार्थिनी म्हणून बाद. पण ॲपने वडीलधाऱ्यांशी अदबीने बोलावं, या कामाला मार्गदर्शक मिळत नव्हता. सकाळी तिथे तुझं नाव टाकलं."

"माझं? अहो, मला अजून तुम्ही रागावता!"

"आता तू रागवायचं. दुपारीच त्या कामासाठी एका मुलीचा अर्ज आलाय. निम्मं काम करूनच पाठवलंय तिने."

"अगंबाई! आधी थांबवा तिला!" मार्गदर्शक किंचाळली.