पालेवाली

१९८६ सालची गोष्ट. झुडपाच्या पाल्याचा अर्क दिला की कर्करोगाच्या पेशी किरणांपुढे लवकर हार मानतात, असं एक संशोधिका तीन वर्षं घसा फोडून सांगत होती. प्रयोगशाळेत तिचं नाव ‘पालेवाली’ पडलं होतं. “या खेपेला फसलं, तर गाशा गुंडाळायचा,” प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं आणि काचेच्या ताटल्या तपासायला स्वतःच बसले. प्रत्येक जांभळा ठिपका म्हणजे तगलेली पेशी. नुसत्या किरणांच्या ताटलीत दोनशे ठिपके निघाले. अर्क आणि किरण दिलेल्या ताटलीत तीनच. “अगं, हिच्यात पुरेशा पेशी घालायलाच विसरलीस!” “आणि शेजारच्या पाचांतही विसरले का, सर?” सरांनी त्याही तपासल्या, चष्मा पुसून पुन्हा तपासल्या आणि खोलीभर ओरडले, “पालेवाली जिंकली!” पुढे सर निवृत्त झाले, ती विभागप्रमुख झाली, त्या अर्काचं औषध झालं आणि ते घेतलेली पहिली रुग्ण आज नातसुनेशी कडाकडा भांडते.