हिरवा ठिपका

मनापासून पैसे दिले की फोनवरचा ठिपका पाऊण सेकंदात हिरवा होई. मन कचरलं की तो पिवळाच राही आणि पैसे जागचे हलत नसत. हे चलन विद्यापीठाच्या ज्या प्रयोगशाळेत घडलं, तिथेच मृण्मयी सात वर्षं त्यावर प्रबंध लिहीत होती. प्रबंध सादर करायचं शुल्क भरायला गेली, की तिचाच ठिपका पिवळा. आपलं लिहिणं कुणाला कळणारच नाही, ही धास्ती.

आज कँटीनमध्ये एका नव्या विद्यार्थ्याचे पैसे अडले. गल्ल्यावरच्या शेवंतामावशी हसल्या.

"पोहे नकोच आहेत ना तुला? मित्र म्हणाला म्हणून घेतोयस. हा पैसा बोटाचं नाही, मनाचं ऐकतो, बाबा."

त्याने लाजत मिसळ मागितली. ठिपका लगेच हिरवा.

"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मृण्मयीने विचारलं.

"तूच की! रोज चहा पिताना दुसरं काय बडबडतेस?"

मृण्मयी खुदकन हसली. तिने फोन काढला, शुल्क भरलं. ठिपका हिरवा झाला. शेजारीच तिच्या मार्गदर्शक फणसळकरबाई चहा घेत होत्या.

"बाई," ती म्हणाली, "मी प्रबंध सादर करतेय."