टोकाला गेलेलं चाक

"काका, यातून तर सगळं धूसर दिसतंय," कॅमेरा विकत घ्यायला आलेली नर्स त्याला लावलेला डोळा न काढताच म्हणाली.

शिंपीमास्तरांनी हातातली सुई कापडात टोचून ठेवली. सकाळी आलेलं गिऱ्हाईकही हेच बोलून निघून गेलं होतं. आजही कॅमेरा घरातून गेला नाही, तर बायको पुन्हा त्याच्याकडे बघत बसणार आणि पुढ्यातलं ताट तसंच ठेवणार. आताही ती आतल्या दाराला टेकून उभी होती.

"खराब कसा असेल?" मास्तर म्हणाले. "मुलगा दिवसभर डोळ्याला लावून असायचा."

हे काही गिऱ्हाइकाला गटवण्यासाठी नव्हतं. मामानं आपला जुना कॅमेरा दिला आणि पोराला त्याचं असं वेड लागलं की विचारू नका. दुकानाच्या पायरीवर उभा राहून समोरच्या पाट्या कॅमेऱ्यातून वाचायचा. सख्खी आत्या समोरून आली तरी हाक मारेपर्यंत ओळख द्यायचा नाही. आत्या म्हणायची, "फोटोग्राफर झाले, शिष्ट झाले." रस्ता ओलांडतानाही आधी कॅमेरा डोळ्याला. ते पाहून मास्तरांचा जीव टांगणीला लागायचा. "अरे, एक दिवस गाडीखाली जाशील," असं सांगून सांगून ते थकले. शेवटी त्यांनी कॅमेरा कपाटात घातला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

पोरगं दारापर्यंत जाऊन मागे वळलं होतं. "बाबा, द्या ना. मला लागतो तो."

मास्तरांनी मशीनवरून मान वर केली नव्हती.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, तो ट्रकसमोर गेला. ड्रायव्हर हात जोडून सांगत होता, "सरळ माझ्याकडे बघत आला हो. बघत बघत पाऊल टाकलं."

गल्लीनं तिथल्या तिथे निकाल दिला. बापावर रुसून पोरानं जीव दिला. बायकोनं ते कधी तोंडानं म्हटलं नाही. तिनं मास्तरांशी बोलणंच सोडलं. मास्तर रोज देवापुढे बसायचे ते एवढंच विचारायला, की एवढ्याशा गोष्टीवरून, देवा? एवढ्याशा?

"थांबा थांबा," नर्स म्हणाली. "इथे डोळा लावतो ना, त्याच्या शेजारी हे बारीक चाक असतं. परवाच आमच्या फोटोग्राफीच्या क्लासमध्ये शिकवलं. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवून घ्यायचं." तिनं नखानं चाक फिरवलं, आणखी फिरवलं. "हं. आता तुमच्या सुईतला दोरासुद्धा दिसतोय. काही बिघडलेलं नाही, काका. मी घेते हा."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. टेबलावरची कापडाची चिंधी उचलून त्यांनी कॅमेऱ्याची पिशवी पुसली आणि तिच्यापुढे ठेवली.

नर्सनं पट्टा गळ्यात घातला. "चाक पार टोकाला नेऊन ठेवलं होतं हं. तरी त्याला पुरत होतं की नाही, कोण जाणे. भलताच मोठा नंबर दिसतोय मुलाचा. चष्मा जाड असेल ना?"

"चष्मा?" मास्तरांचा हात स्वतःच्या चष्म्याकडे गेला. "त्याला कुठला चष्मा? तो कधी काही बोललाच नाही."

आतल्या दारातली बायको उंबरठा ओलांडून बाहेर आली. मास्तरांकडे तिनं कितीतरी दिवसांनी नजर वर करून पाहिलं.

नर्सला बिचारीला काय ठाऊक? मुलगा शिकायला बाहेरगावी असतो, असंच मास्तरांनी तिला सांगितलं होतं. ती कौतुकानं हसली.

"कमाल आहे. मग कॅमेऱ्याशिवाय रस्त्यावर चालतो तरी कसा तो?"