उघडलेली दारं

धर्मसेवेसाठी परक्या देशात आलेल्या त्या तरुण सिस्टरला गल्लीतलं एकही घर वर्षभर दारात उभं करत नव्हतं. तरी ती नेमाने रोज कड्या वाजवायची.

आज मात्र नवलच घडलं. शिंप्याने आपणहून हाक मारून तिला आत घेतलं, घाईघाईने चहा पाजला आणि मागच्या दाराने शेजारणीकडे पोचवलं. शेजारणीने दोन घास खाऊ घातले, स्वतःची शाल तिच्या डोक्यावरून पांघरली आणि पुढच्या घरी नेऊन सोडलं. आपल्या कष्टांचं चीज झालं, या विचाराने सिस्टरचे डोळे भरून आले.

शेवटच्या घरातल्या म्हातारीसमोर तिने पुस्तक उघडलं. म्हातारीने ते हळूच मिटलं.

"पोरी, तुझ्या देवाचं मी नंतर ऐकेन. मागे नदीवर माझा मुलगा होडी घेऊन थांबलाय. वाकून जा."

"पण आजी, मला खोलीवर परत जायचंय."

"खोली सकाळीच पेटवली दंगेखोरांनी. आता तुला शोधत घरोघरी शिरतायत. म्हणून तर आम्ही तुला कुठेच फार वेळ बसू दिलं नाही."