करंगळी

सराव संपला की रायफली आपणहून सांगायच्या, "रिकामी." तरीही पोलीस प्रशिक्षण केंद्रातले मुलाणी उस्ताद प्रत्येकीच्या चेंबरमध्ये करंगळी घालून बघायचे. पोरंपोरी गालातल्या गालात हसायची.

आज निकिता भोयेची रायफल "रिकामी" म्हणाली आणि उस्तादांच्या करंगळीला पितळ लागलं. त्यांनी गोळी काढून तळहातावर धरली. निकिता एक पाऊल पुढे आली.

"उस्ताद, माझ्याकडून राहून गेली. पण ही खोटं का बोलली?"

उस्तादांनी रायफललाच दरडावलं, "बोल!"

"तुम्ही हिला शिक्षा केली असती, मला डोक्यावर धरून मैदानभर पळायची," रायफल म्हणाली. "मागच्या वेळी ही रडली होती."

ही हत्यारं आपल्या माणसाला ओळखायला शिकतील, असं ती बनवणारे कंपनीवाले म्हणाले होते. ती माणसाला जीव लावतील, हे कोणी सांगितलं नव्हतं.

उस्तादांचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. त्यात मात्र त्यांनी कधी करंगळी घातली नव्हती. त्याच्या नुसत्या शब्दावर विसंबून उस्ताद रोज घरी ते नातीच्या खाटेशेजारी टांगत.

त्यांनी ते होल्स्टरमधून काढलं.

"रिकामं आहे," पिस्तूल घाईघाईने म्हणालं. अजून कोणी विचारलंही नव्हतं.