स्वतःचेच गुण

निकालाच्या संगणकात कुणीही सहज शिरू शकतं, हे तिने कॉलेजला दोनदा लेखी कळवलं. दोन्ही अर्जांची कुणी दखलही घेतली नाही, तेव्हा तिची तळपायाची आग मस्तकात गेली. तिसऱ्या खेपेला तिने पुरावाच दिला. दुसऱ्या कुणाचं नुकसान नको, म्हणून भौतिकशास्त्रातले स्वतःचेच अठ्ठ्याऐंशी गुण बारा केले आणि तसं प्राचार्यांना सहीनिशी कळवलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिच्या हातात कॉलेजातून काढून टाकल्याचं पत्र ठेवलं.

"चोरी करतेस आणि वर सही ठोकतेस?"

"सर, स्वतःलाच नापास करणारा चोर पाहिलाय का तुम्ही कधी?"

"मला अक्कल शिकवू नकोस. हॅकर म्हणजे गुन्हेगार, एवढं कळतं मला."

"मग खरा गुन्हेगार पकडा ना!" तिने संगणकातल्या नोंदींचा कागद त्यांच्यापुढे आपटला. "ही सात नापास मुलं बघा. निकाल लागल्यावर महिन्याभराने यांचे गुण वाढलेत. माझ्याआधी कुणीतरी आत शिरून यांना पास केलंय."

प्राचार्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. नीट चार घड्या घालून तो त्यांनी खिशात ठेवला.

"त्या सातही जणांनी," ते शांतपणे म्हणाले, "आधी मला विचारलं होतं."