दांडा वर येईना

बायकोला आठवा महिना, आणि आमची गाडी खड्ड्यात नुसती आदळायची. म्हणून भंगारातल्या एका गाडीचे मागचे दोन शॉकॲब्सॉर्बर मेव्हण्याने स्वतः खोलले. मेव्हणा मेकॅनिक, तपासल्याशिवाय काही घेणार नाही.

त्याने एकेक उभा धरून दांडा आत दाबला आणि सोडला. दोन्ही दांडे सावकाश, एकसारखे वर आले.

"दाजी, एकदम ठणठणीत!"

दोन्ही जमिनीवर आडवे ठेवून तो हात पुसत होता. तेवढ्यात डाव्याचा दांडा आपोआप आत गेला.

"गॅस गेला असेल," मी म्हणालो.

"गॅस गेला तर दांडा आहे तिथेच राहतो. आत जायला वजन लागतं."

उभा धरूनही दांडा काही वर येईना. मेव्हण्याने पाय लावून ओढला, तरी नाही. विटांवर ठेवलेल्या त्या गाडीत आम्ही उगाचच डोकावलो. मागची सीट रिकामी होती.

मग उजव्याचा दांडा हलला. आधी अर्धा गेला, जरा थांबला, आणि दम खाऊन पूर्ण आत बसला. मागच्या सीटवर असं बसताना मी हल्ली रोज एकीला आरशात बघतो.

मेव्हण्यानेही ते ओळखलं.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "ताई घरीच आहे ना?"